वय अंदाजे वीस

एक जूनला सकाळी गावाकडच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांची रांग लागलेली असते. काका, मास्तर, तलाठी, बँकेतले साहेब, सगळे त्याच दिवशी जन्मलेले. सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी निरोप समारंभांची गर्दी होते तीही यामुळेच, कारण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. ही एक जून आईवडिलांनी सांगितलेली नसते. शाळेत नाव घालताना ती गुरुजींनी लिहिलेली असते. जूनमध्ये शाळा भरणार, तोवर पोराला सहा वर्षं पुरी झालेली दिसायला हवीत आणि घरात कुणाला नेमकी तारीख आठवत नाही. मग एक जून.

बहुतेकांचं या तारखेमुळे काही बिघडत नाही. नोकरी लागते, पेन्शन सुरू होते, आयुष्य पार पडतं. माणूस आरोपी म्हणून कोर्टापुढे उभा राहिला की मात्र गोष्ट वेगळी होते. गुन्ह्याच्या दिवशी तो अठरा वर्षांच्या आत होता की बाहेर, यावरून त्याचा खटला कुठे चालणार, शिक्षा किती होणार आणि ती कुठे भोगायची हे ठरतं. अशा माणसाचं वय कागदावर चुकीचं चढलं आणि तो तुरुंगात गेला, तर आतून ती नोंद खोडून काढता येते का? येते. महाराष्ट्रात असं घडलेलं आहे. त्या कैद्याला मात्र त्यासाठी अठ्ठावीस वर्षं लागली.

धडगावात वय कसं लिहिलं जातं

आधी वय कागदावर चढतं कसं ते पाहू. त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावइतकं चांगलं ठिकाण नाही. धडगाव हे अक्राणी तालुक्याचं मुख्य गाव. सातपुड्याच्या डोंगररांगा, उत्तरेला नर्मदा, वस्ती मुख्यतः पावरा आणि भिल्लांची, आणि गाव म्हणजे डोंगरउतारावर लांब लांब पसरलेले पाडे. इथली बाळंतपणं पिढ्यान् पिढ्या घरीच होत आली. मूल कधी झालं असं आईला विचारलं तर ती तारीख सांगत नाही, दिवस सांगते: होळीच्या आधी, मोहाची फुलं वेचत होतो तेव्हा, पहिल्या पावसात पेरणी चालू होती तेव्हा. ही आठवण कच्ची नसते. ऋतूच्या बाबतीत ती सहसा चुकत नाही. घोटाळा होतो तो साल ठरवताना. म्हणूनच कुपोषणाची पाहणी करणारे लोक मुलाचं वय काढताना सण, पिकं आणि गावातल्या मोठ्या घटना मांडलेलं एक स्थानिक कॅलेंडर बरोबर ठेवतात आणि आईच्या आठवणीवरून महिना शोधतात. शाळेच्या प्रवेशाच्या दिवशी एवढा वेळ कुणाकडे नसतो. पोलीस ठाण्यात तर नसतोच.

कायद्याप्रमाणे जन्माची नोंद ग्रामपंचायतीत व्हायला हवी. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. २१ दिवसांत नोंद केली तर पैसे लागत नाहीत. पुढे विलंब शुल्क. वर्ष उलटलं की शपथपत्र आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश. पाड्यावरून ग्रामपंचायतीपर्यंत चालत जाणाऱ्या, उसतोडीला गुजरातेत जाऊन महिनोन् महिने परत न येणाऱ्या कुटुंबाला हे २१ दिवस कसे गाठता येतील, याचा विचार या कायद्यात फारसा दिसत नाही. त्यामुळे अनेकांच्या आयुष्यातला वयाचा पहिला सरकारी कागद म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर.

आधार कार्डाचा जन्मही याच जिल्ह्यातला. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. पण आधारची नोंदणी करताना ज्याच्याकडे जन्माचा पुरावा नसेल त्याला नुसतं वय सांगता येत असे. मग यंत्रणा साल काढायची आणि तारीख एक जानेवारी धरायची. शाळेत एक जून, आधारवर एक जानेवारी, असे दोन वाढदिवस असलेली माणसं त्यातूनच तयार झाली. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका खटल्यात स्पष्ट केलं की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे.

पोलिसांनी लिहिलेलं वय

अटक होते तेव्हा अटक पंचनाम्यात एक रकाना असतो: वय. पोलीस विचारतात, समोरचा काहीतरी सांगतो किंवा गप्प राहतो. मुलाला मराठी नीट येत नसेल, तो पावरी बोलत असेल, किंवा शेजारच्या राज्यातून मजुरीला आलेला असेल, तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहून आकडा पडतो. ‘वय अंदाजे २० वर्षे.’ दगड फोडणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाचे हात आणि खांदे विशीचे दिसतात, हे कुणीही मजूरवस्तीत जाऊन पाहू शकतो.

यानंतर तोच आकडा रिमांडच्या अर्जात जातो. तिथून दोषारोपपत्रात, तिथून कोर्टाच्या नोंदीत, तुरुंगाच्या वॉरंटवर, कैद्याच्या हिस्ट्री तिकिटावर आणि अखेर निकालपत्रावर. आता सहा कागद आहेत, सहाही सरकारी, सहांवर शिक्के, आणि सगळीकडे वय एकच. वाटतं, एवढ्या ठिकाणी तेच लिहिलंय म्हणजे खरंच असणार. पण पायली आखूड असेल तर तिने धान्य सहा वेळा मोजलं तरी माप सहाही वेळा तेवढंच येणार. त्याने पायली बरोबर ठरत नाही. या सहा कागदांपैकी एकानेही वय स्वतंत्रपणे तपासलेलं नसतं. प्रत्येकाने आधीच्या कागदावरून उतरवून घेतलेलं असतं. कैद्याने नोंदीला आव्हान दिलं की सरकार पक्ष हे सहा कागद पुढे करतो. कोर्टाला पाहावं लागतं की त्या सहांमागे मूळ माहिती कुठली होती.

पुणे, १९९४

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एका घरात सात जणांचे खून झाले. पाच स्त्रिया, त्यातली एक गर्भवती, आणि दोन मुलं. राठी हत्याकांड म्हणून ते आजही पुणेकरांना आठवतं. ५ सप्टेंबरला आरोपींना अटक झाली. त्यातला एक राजस्थानातून आलेला मुलगा होता. खटल्याच्या कागदांत त्याचं वय वीस-बावीसच्या घरात धरलं गेलं. १९९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली, १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचं अपील फेटाळलं. त्या घरातल्या माणसांवर जे गुदरलं ते भयंकर होतं. वयाची चर्चा करताना ते बाजूला सारून चालणार नाही.

त्या कैद्याचं नाव मी इथे लिहीत नाही. मूल असताना गुन्ह्यात सापडलेल्या व्यक्तीची ओळख जाहीर करायला बालन्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. ते मूल पुढे चाळिशीचं झालं म्हणून तो नियम विसरावा असं मला वाटत नाही.

२००५ मध्ये, तुरुंगात असताना, त्याची वैद्यकीय तपासणी झाली. अहवालात वय आलं २२ पेक्षा जास्त आणि ४० पेक्षा कमी. इतक्या रुंद अंतरात काय ठरणार? पण एवढं तरी दिसत होतं की खालचं टोक खरं मानलं तर गुन्ह्याच्या वेळी तो अकरा वर्षांचा निघतो. तरीही गोष्ट तिथेच थांबली. २०१८ मध्ये त्याच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला की तो त्या वेळी बालक होता. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या गावच्या सरकारी शाळेचं रजिस्टर उघडलं गेलं. जन्मतारीख निघाली १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी वय बारा वर्षं सहा महिने.

२७ मार्च २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ, अनिरुद्ध बोस आणि हृषीकेश रॉय यांच्या पीठाने ही तारीख मान्य केली. बालकाला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येतं. हा माणूस अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ कोठडीत होता, त्यातला बराचसा फाशीच्या छायेत. त्याला ताबडतोब सोडण्याचा आदेश झाला. बारा वर्षांचा मुलगा असलं क्रूर कृत्य करू शकेल का, हा प्रश्न न्यायालयालाही पडला होता, पण अशा तर्काने पुराव्यावर मात करता येणार नाही असं त्यांनी ठरवलं. निकालातला हा भाग मला फार मोलाचा वाटतो.

कुठला कागद आधी

न्यायालयाने शाळेचा दाखला उचलला आणि पोलिसांचा आकडा बाजूला ठेवला, हा मर्जीचा मामला नव्हता. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ९४ ने कागदांचा क्रम लावून दिला आहे. वरचा कागद मिळाला तर खालच्याकडे जायचं नाही.

चौकट: वय ठरवण्याचा क्रम
पहिला: शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र.
दुसरा, वरचं नसेल तरच: महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला.
तिसरा, दोन्ही नसतील तरच: हाडांवरून वयाची वैद्यकीय चाचणी.
पोलिसांनी अटकेच्या वेळी लिहिलेलं वय या क्रमात कुठेच नाही.

बालक म्हणून वागवलं जाण्याचा हक्क टप्प्याटप्प्याने आला. १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंतच बालक मानला जाई. २००० च्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांसाठी अठरा केलं. २००६ च्या दुरुस्तीने सर्वात मोठी गोष्ट दिली: आपण बालक होतो हा दावा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकाल लागल्यानंतरही करता येतो. एरवी आपल्याकडे शेवटचा निकाल म्हणजे शेवट. वयाच्या बाबतीत दार उघडं ठेवलं, कारण बालकावर मोठ्यांचा खटला चालवायचा अधिकारच त्या कोर्टाला नव्हता. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयातल्या मुलावर गंभीर गुन्ह्यात, आधी तपासणी करून, मोठ्यांसारखा खटला चालवायची मुभा दिली. पण त्यालाही फाशी किंवा सुटकेची आशा नसलेली जन्मठेप देता येत नाही.

गुरुजींच्या एक जूनवर भरवसा का

इथे चाणाक्ष वाचक अडवील. शाळेची तारीख तर अंदाजानेच लिहिलेली असते. मग पोलिसांचा अंदाज खोटा आणि गुरुजींचा खरा, हे कसं?

उत्तर नोंदीच्या वेळेत आहे. मूल पहिलीत जातं तेव्हा पुढे केव्हा तरी ते एखाद्या खटल्यात सापडेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. वय कमी लिहून कुणाचा बचाव करायचा नसतो, वाढवून कुणाला अडकवायचं नसतं. भांडण सुरू होण्याच्या कितीतरी आधी लिहिलेला कागद भांडणातल्या कुठल्याच बाजूचा नसतो. शिवाय गुरुजींच्या चुकीला मर्यादा आहे. सहा वर्षांचं मूल पाच म्हणून लिहिलं जाईल, कधी सात म्हणून. बारा म्हणून कधीच नाही. विशीच्या आसपासच्या अनोळखी माणसाला पाहून केलेल्या अंदाजात पाच-सात वर्षं सहज हुकतात.

रजिस्टर बनावट असेल तर गोष्ट वेगळी. पानं चिकटवलेली, शाई वेगळी, क्रमांक मागे-पुढे असं काही दिसलं तर कोर्ट खोलात जातं. पण तसं काही नसताना उगाच उकरत बसू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं आहे.

यात एक बारकावा आहे. जुलै २०२३ च्या एका निकालात न्यायालयाने म्हटलं की शाळा बदलताना दिलेला दाखला कलम ९४ च्या पहिल्या पायरीत बसत नाही; तिथे जन्मतारखेचाच दाखला लागतो. म्हणून मुख्याध्यापकांकडून जन्मतारखेचा दाखला, जनरल रजिस्टरच्या त्या पानाची साक्षांकित नक्कल आणि शाळा सोडल्याचा दाखला असं तिन्ही एकदमच मागावं.

हाडं किती सांगतात

शाळाच पाहिली नाही, ग्रामपंचायतीतही नोंद नाही, मग उरतात हाडं. वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकाशी कुर्चेची एक पट्टी असते. एक्स-रेवर ती काळी फट दिसते. वाढ पुरी होत आली की ती भरून हाड सलग होतं. कोपर आधी, मनगट आणि खांदा त्यानंतर, कमरेच्या हाडाची कड आणखी पुढे आणि गळपट्टीच्या हाडाचं छातीकडचं टोक सर्वात शेवटी, विशी ओलांडल्यावर. कुठली फट मिटली आणि कुठली उघडी आहे यावरून डॉक्टर वय काढतात, आणि त्यात दोन वर्षं अलीकडे-पलीकडे होऊ शकतात.

सगळ्या फटी एकदा मिटल्या की हाड जवळपास मुकं होतं. तिशीच्या माणसाचा एक्स-रे पाहून तो पंधरा वर्षांपूर्वी सतरा वर्षांचा होता की एकोणीस, हे सांगता येत नाही. पुण्याच्या खटल्यात २२ ते ४० असं उत्तर आलं ते डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. प्रश्नच उशिरा विचारला गेला होता. आणखी एक गोष्ट अक्राणीसारख्या भागात विसरता येत नाही. लहानपणी पोटभर न मिळालेल्या मुलाची हाडं उशिरा पक्की होतात. कोवळ्या वयात चाचणी झाली तर त्याचं वय खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतं. म्हणून कायद्याने ही चाचणी शेवटी ठेवली ते योग्यच केलं.

नाव जुळत नाही तेव्हा

पुण्याच्या प्रकरणात सरकार पक्षाचा एक मुख्य आक्षेप असा होता की शाळेच्या दप्तरातलं नाव आणि खटल्यातलं नाव एक नाही. दोन्ही उच्चारांत जवळची, पण वेगळी. चौकशीत शाळेच्या आणि कुटुंबाच्या कागदांवरून दोघे एकच असल्याचं सिद्ध करावं लागलं.

धडगावकडे ही अडचण रोजची आहे. घरातलं नाव पावरीतलं, शाळेत गुरुजींनी मराठी वळणाचं केलेलं, पोलिसांनी ऐकू आलं तसं लिहिलेलं. आडनावं थोडी: पावरा, पाडवी, वसावे, वळवी. एकाच पाड्यावर एकाच नावाचे तिघे असतात. त्यात सरदार सरोवराच्या पाण्याने अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली मिळून ३३ गावं बाधित झाली; माणसं तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत गेली. अशा घरातल्या मुलाची पहिली शाळा कोणती आणि तिचं दप्तर आता कुणाच्या कपाटात आहे, हे शोधणं हाच निम्मा खटला होतो. म्हणून वडिलांचं नाव, भावंडांच्या नोंदी, रेशनकार्ड, पोलीस पाटलाचं आणि शिक्षकांचं म्हणणं, असं सगळं एकत्र ठेवावं लागतं. थोरल्या बहिणीच्या आणि धाकट्या भावाच्या जन्मतारखा पक्क्या असतील, तर मधल्याचं वय आपोआप त्यांच्यामध्ये अडकतं. हा पुरावा साधा असला तरी भक्कम असतो.

अर्ज कसा होतो

सर्वात सोपी वेळ म्हणजे पहिल्या रिमांडची. मुलाला दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं की तिथेच सांगायचं: हा अठरा वर्षांच्या आतला आहे. शंका आली तर दंडाधिकाऱ्याने वय तपासायलाच हवं, आणि बालक ठरला तर प्रकरण जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाकडे जातं. वकिलाची फी हा अडसर मानू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. १५१०० या क्रमांकावरही मदत मागता येते.

शिक्षा होऊन गेली असेल तरी ज्या कोर्टात अपील चालू आहे किंवा शेवटचं चाललं, तिथे अर्ज करता येतो. अर्जासोबत निदान सकृतदर्शनी पटेल असा एखादा कागद हवा. नुसतं आईचं शपथपत्र बहुधा कमी पडतं. आश्रमशाळेत शिकलेल्या मुलाची नोंद शाळेत नसेल, तर तळोद्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. आणि कुणी दप्तर दाखवायला टाळाटाळ केली, तर माहितीचा अधिकार कायदा २००५ च्या कलम ७ मध्ये एक तरतूद आहे: माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते. तुरुंगातल्या माणसाच्या वयाची नोंद त्यात बसते, हे अर्जात स्पष्ट लिहावं.

२०२४ च्या सुरुवातीला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने देशभरच्या तुरुंगांत गुन्ह्याच्या वेळी बालक असलेल्या कैद्यांना शोधण्याची मोहीम घेतली होती. ती एकदाच करून भागणारी नाही, दरवर्षी व्हायला हवी.

सुटल्यावर

महाराष्ट्रातल्याच २००३ च्या एका खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. त्यातला एक पुढे बालक ठरला आणि मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये डेहराडूनच्या १९९४ मधल्या खुनाच्या खटल्यातला एक कैदी सुटला. गुन्ह्याच्या वेळी तो चौदा वर्षांचा होता, आणि त्याने पंचवीस वर्षं तुरुंगात काढली. उत्तराखंडच्या विधी सेवा प्राधिकरणाला त्याच्या पुनर्वसनासाठी पुढाकार घ्यायला सांगण्यात आलं. कुणाला काय मिळेल हे त्या त्या निकालावर अवलंबून आहे, कारण चुकीने तुरुंगात ठेवलेल्यांच्या भरपाईचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात तसा कायदा करण्याची शिफारस केली, ती अजून अंमलात आलेली नाही.

एक तरतूद मात्र आज हातात आहे. बालक ठरलेल्या व्यक्तीला, कायद्यातला एक अपवाद सोडला तर, दोषी ठरल्यामुळे कुठलीही अपात्रता चिकटत नाही, आणि बालन्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दोषसिद्धीची नोंद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची असते. सुटून आलेल्या माणसाने तशी लेखी मागणी मंडळाकडे करावी आणि आदेशाची प्रत जपून ठेवावी, कारण उद्या नोकरीसाठी किंवा पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी होईल तेव्हा ठाण्यातल्या जुन्या नोंदवहीत त्याचं नाव अजून असू शकतं, वय अंदाजे वीस वर्षे असं लिहिलेलं.